मुक्कामाला जागा

नागपूरकराला डोंगर पाहायचा तर उत्तरेकडे तोंड करावं लागतं. शहरात सेमिनरी हिल्स आहेत, सीताबर्डीची टेकडी आहे, तासाभरावर रामटेकचा गड आहे. पण यांना डोंगर म्हणताना आमचाच आवाज जरा खाली येतो. खरा डोंगर सातपुडा, आणि तो घरून दिसत नाही. सावनेर गेलं, सौंसरच्या संत्र्याच्या बागा गेल्या, की छिंदवाड्याच्या अलीकडे सिल्लेवानीच्या घाटात रस्ता पहिल्यांदा अंग मोडतो आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचा वास बदलतो. शाळेत भूगोल शिकवताना मी मुलांना सांगायची, हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, पचमढी १०६७ वर. म्हणजे फरक पाच अंशांचा. वैशाखातल्या पंचेचाळीसच्या नागपुरातून निघालेल्या माणसाला हे पाच अंश फळ्यावर कळत नाहीत. मध्यरात्री पायाशी पडलेली चादर चाचपडत ओढून घ्यावी लागते, तेव्हा कळतात.

आमच्याकडच्या माणसांना सातपुडा कोणी हवा खाण्यासाठी दाखवला नाही. तो महादेवाचा. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या हजाराहून जास्त पायऱ्या चढायच्या, श्रावणात नागद्वारी करायची, आणि इतकं लांबचं जमलं नाही तर मोर्शीजवळ सालबर्डीच्या महादेवाला हात जोडून यायचं. माझी आजी काटोलकडच्या खेड्यातली. तिच्या लहानपणी महादेवाचा पोहा, म्हणजे यात्रेकरूंचा जथा, बंड्यांनी निघायचा. बंडीला तट्टे बांधलेले, आत पीठमीठ, गोवऱ्या, बैलांसाठी कुटार आणि ढेप, कण्याखाली टांगलेला कंदील. रात्री बायका-पोरं बंडीत, माणसं बंडीखाली. आजी ही यात्रा पुन्हा पुन्हा सांगायची, पण तिच्या सांगण्यात डोंगर फार थोडा असायचा. महादेव कसा आहे, असं विचारलं तर "हाय ना, मोठा हाय" एवढ्यावर आटपायची. मुक्काम मात्र तपशिलानं. कुठल्या नदीचं पाणी बैलांनी तोंडाला लावलं नाही, कुठल्या गावात एका बाईनं ताकाचं गाडगं आणून ठेवलं आणि नाव न सांगता निघून गेली, कुठल्या गावानं आधी नाही म्हटलं आणि पाऊस आल्यावर देवळाचं दार उघडून दिलं. तेव्हा वाटायचं, म्हातारीला मुद्द्याचं सांगता येत नाही.

आता माझ्या वयाला तीच पाळी आली आहे. आम्ही नवरा-बायको गाडी घेऊन सातपुड्यात हिंडून आलो की शेजारीपाजारी विचारतात, काय काय पाहिलं? आणि मी सांगू लागते ते कुठं थांबलो, कोणी थांबू दिलं, पाणी कुठून भरलं.

हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्यानंतर डोक्यात गाडीनं घर केलं. गाडीत बदल करायला आपल्याकडे कायदा आडवा येतो, आणि तो आला हे बरंच झालं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्यातून निघालेल्या गाडीची मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ च्या जानेवारीत तेच बजावलं. मोटार कॅराव्हॅनचा वर्ग वेगळा, तिचे निकष वेगळे. त्या निकषांत बसणाऱ्या तयार गाडीची किंमत ऐकून ह्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग मागच्या सीटा सपाट दुमडतील अशी एक उंच, वापरलेली गाडी पाहिली आणि तिला करवत न लावता संसार बसवला. दुमडलेल्या सीटांवर टेकेल अशी फळी, फळीवर कापसाची गादी, फळीखाली डब्यांच्या पेट्या. सगळं हातानं उचलून बाहेर ठेवता येतं. पाच किलोचा गॅस, तोही उघड्यावरच पेटवायचा. थंडीच्या रात्री काचा लावून आत शेगडी ठेवण्याचा मोह ज्यांना झाला त्यांच्या बातम्या दर हिवाळ्यात पेपरात येतात, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विजेसाठी शंभर अँपिअर-अवरची सुटी बॅटरी. तीस वॉटचा पंखा तिच्यावर रात्रभर चालतो आणि सकाळी तिचा जेमतेम पाचवा हिस्सा संपलेला असतो. हे गणित ह्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं आहे की झोपेतही म्हणेन.

गाडीपेक्षा अवघड गोष्ट आत बसणाऱ्या दोघांची होती. आमच्या पिढीचं लग्न घरात झालं आणि घरातच राहिलं. महालातल्या वाड्यात सासू-सासरे, दीर, नणंदेची मुलं शिकायला. पुढे स्वतःचं घर झालं तेव्हा आमचीच मुलं, त्यांचे मित्र, गावाकडून दवाखान्यासाठी आलेले पाहुणे. नवऱ्याशी बोलायचं ते येता-जाता, बहुतेक तिसऱ्या माणसाबद्दल. फिरायला गेलो तेही पंधरा-वीस जणांच्या घोळक्यात, लग्नाच्या नाहीतर कुलदैवताच्या निमित्तानं. मुलं पुण्या-बंगळूरला गेल्यावर घर रिकामं झालं, तरी त्या घरात दोन टोकं होती. हे पुढच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात. गाडीत टोकच नाही. एकानं कूस बदलली की दुसऱ्यानं बदलायची. एकानं पेटी उघडली की दुसऱ्यानं पाय वर घ्यायचे. पहिल्यापहिल्यांदा आम्ही एकमेकांशी पाहुण्यासारखे बोललो, "तुम्ही आधी उतरा", "नाही, तू उतर". नंतर भांडलो. भांडण झाल्यावर घरात माणूस गच्चीवर जातो, देवळात जातो, भाजी आणायला जातो. जंगलाच्या कडेला अंधारात जाणार कुठं? दार उघडून बाहेर उभं राहायचं, एक रातवा ठोके दिल्यासारखा ओरडत असतो तो ऐकायचा, आणि डास चावू लागले की परत आत. ह्यांना रातव्याचा आवाज ओळखता येतो हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. धरणांच्या साइटवर तंबूत काढलेली वर्षं त्यांनी घरी कधी सांगितलीच नव्हती. सांगायला एकान्त मिळाला नव्हता, आणि मला ऐकायला.

गाडी मागे घेणं हा मात्र आमच्यातला कायमचा वाद. मी मागे उभी राहून "या, या, या, बस" म्हणते. ह्यांचं म्हणणं, माझं "बस" नेहमी हातभर उशिरा येतं. माझं म्हणणं, ह्यांना थांबायला हातभर जास्त लागतं.

मुक्कामाची जागा पाहायला तीन गोष्टी लागतात, आणि देखावा त्यांत नाही. जमीन सपाट हवी. डोकं पायांपेक्षा खाली गेलं तर झोप येत नाही, गाडी एका कुशीवर कलली तर दोघांपैकी एक जण रात्रभर दुसऱ्यावर घसरत राहतो. हे खात्यातली जुनी पाणसळ सोबत ठेवतात आणि लाकडी गुटके चाकाखाली सारून बुडबुडा मध्यावर येईपर्यंत जेवायला बसत नाहीत. दुसरं पाणी. दोघांना स्वयंपाक, पिणं, हातपाय मिळून वीस लिटरचा एक कॅन दिवसभर पुरतो, तोही भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसली तर. तिसरी गोष्ट पुरुष लेखक प्रवासवर्णनात लिहीत नाहीत. बाईमाणसाला पहाटे जायला जागा हवी. पेट्रोल पंपावरची सोय कशी असेल हे पंपाच्या रंगरंगोटीवरून कळत नाही. तिथं काम करणारी एखादी मुलगी दिसली तर ती बरी असते, एवढा ठोकताळा मी बांधला आहे. बाकी वेळी घडीचा कमोड, खुरपं, टॉर्च आणि मोठ्यानं खोकणं. मोहाच्या दिवसांत तर खोकावंच लागतं. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं गळतात, पहाटे माणसं टोपल्या घेऊन वेचायला येतात आणि त्यांच्याही आधी अस्वल येऊन गेलेलं असतं. अस्वलाला दचकवू नये, हे तिकडे लहान पोरालाही ठाऊक आहे.

या तिन्ही गोष्टी मिळाल्या तरी मुक्काम होत नाही. कारण ती जागा कोणाची तरी असते.

सौंसरकडे संध्याकाळी एका संत्र्याच्या बागेशी थांबलो होतो. सौंसर आणि पांढुर्णा मिळून २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला, मध्य प्रदेशातला; पण बोली आमचीच, पोळा आमचाच, भाजीत तर्री आमचीच. हे एरवी शुद्ध पुस्तकी बोलतात. जागा मागताना मात्र त्यांच्या तोंडून आपोआप गाव बाहेर आलं.

"रातच्याले थांबू देता का जी, बांधाच्या कडेले?"

बागवाले काकाजी गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "घर सोबतच घिऊन निंगाले का? विकलं तं नाही ना नागपूरचं?"

"नाही जी."

"गाव कोनतं?"

"नागपूर."

"नागपूर नाही जी. गाव कोनतं?"

मग ह्यांचं गाव झालं, माझं माहेर झालं, काटोलकडे कोणाचे, त्यांच्या कोणाची मुलगी सौंसरला दिली आहे, ती गेली की आहे. ही तपासणी कुठल्याही गेटवरच्या नोंदवहीपेक्षा कडक असते, आणि तिच्यात पास झालं की माणूस परका राहत नाही. अर्ध्या तासात आतून वांगी आली, घमेलंभर गोवऱ्या आल्या. काकूंना आमचा गॅस आवडला नव्हता. "बागेत येऊन गॅसवर काहून करता?" म्हणत त्यांनी गव्हाचं जाडसर पीठ मळायला घेतलं. रोडग्यांचं पीठ घट्ट मळावं लागतं. पोळी लाटून तिला तेल लावायचं, घड्या घालत गोळा करायचा, म्हणजे आत पापुद्रे सुटतात. गोवऱ्या पेटवून, धूर जाऊन आर उरला की त्यावर गोळे भाजायचे, मग राखेत पुरून ठेवायचे. राख झटकली, फोडून तूप सोडलं, वर वांग्याची झणझणीत भाजी. विदर्भात शेतात, यात्रेत, नवसाला हेच जेवण. याला भांडं लागत नाही, तवा लागत नाही, ओटा लागत नाही. आवळीभोजनाला कार्तिकात झाडाखाली जाऊन जेवणारी, हुरड्याला शेत गाठणारी आम्ही माणसं, उघड्यावर चूल मांडणं आम्हाला साहस वाटतच नाही. साहस वाटतं ते कुणा अनोळखी माणसासमोर उभं राहून "थांबू का" असं विचारणं. नागपुरात इतकी वर्षं राहून ती सवय गेली होती. फ्लॅटमध्ये कोणाला काही मागावं लागत नाही.

याच डोंगरात तळ ठोकणारे आणखी कोणी होऊन गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी. थंडी पडली की साहेबलोक तंबू गाड्यांवर लादून दौऱ्यावर निघत. कॅप्टन जेम्स फोर्सिथनं १८६२ च्या सुमारास पचमढीच्या पठारावर बायसन लॉज बांधली. १८७१ च्या त्याच्या पुस्तकात या डोंगराळ मुलखाचं आणि महादेवाच्या यात्रेचं वर्णन आहे. पचमढीचा 'शोध' त्यानं लावला असं तिथले गाइड आजही सांगतात. त्या वेळी पठारावर कोरकू ठाकूर नांदत होता आणि आमच्याकडची माणसं महादेवाला जातच होती. शोध लागायचा राहिला होता तो साहेबालाच. रॉबर्ट स्टर्नडेलनं १८७७ मध्ये सातपुड्यातल्या छावणीच्या जिण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, नावातच सिवनी. पुढे १८९४ च्या 'जंगल बुक'मध्ये मोगलीचे लांडगे सिवनीच्या टेकड्यांत राहायला आले, त्यामागे या पुस्तकाचा हात मानतात. ही पुस्तकं वाचनीय आहेत हे मी नाकारणार नाही. पहाटेचा गारवा, सालवृक्षांतून येणारा उजेड, हे त्या लोकांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं. पण त्या काळी साहेबाचा तळ कुठं पडायचा हे गावाला विचारून ठरत नसे. तळ पडला की दूध, अंडी, कोंबडी, गवत, लाकूडफाटा गावानं पुरवायचा, ओझी वाहायला वेठीची माणसं द्यायची. रसद आणि बेगार हे दोन शब्द आजोबांच्या पिढीला पाठ होते.

एकाच डोंगरात एकाच काळात दोन तळ पडत होते. एक हुकमानं पडलेला, एक विचारून पडलेला. आमची गाडी पाहिल्यावर गावातली म्हातारी माणसं क्षणभर सावध होतात ती कशानं, हे मला हळूहळू कळलं. उंच गाडी, काळ्या काचा, आतून उतरणारी पांढरपेशी माणसं. अशी माणसं एक तर मोजणीला येतात नाहीतर जमिनीचा भाव विचारायला. म्हणून आता आम्ही गाडी गावाबाहेर उभी करतो, चालत आत जातो आणि पहिल्यांदा मी बोलते. म्हाताऱ्या बाईला कोणी भीत नाही.

ह्यांचा भाचा अमेरिकेत डेन्व्हरला असतो. तो आणि त्याची बायको तिथल्या डोंगरांत आरव्ही भाड्यानं घेऊन जातात. त्याच्या सांगण्यात नंबर घातलेली जागा असते, विजेचा खांब, पाण्याचा नळ, सांडपाणी सोडायची सोय, लोखंडी कड्यातली शेकोटी. महिनोन्‌महिने आधी नाव लावायचं, आपल्या नंबरावर जायचं, शेजारच्याला हात हलवायचा. कोणाला काही विचारावं लागत नाही याचंच त्याला सुख. आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशाच पार्कांची कल्पना आहे. ती व्हावीत. विशेषतः सांडपाण्यासाठी व्हावीत, कारण शंभर गाड्या रोज नदीकाठी थांबू लागल्या तर नदीचं काय होईल ते कोणीही सांगेल. पण नंबर घातलेल्या फरशीवर मला कोणी "नागपूर नाही जी, गाव कोनतं" असं विचारणार नाही, आणि त्याशिवायचा मुक्काम मला अळणी लागेल. भाचा म्हणतो, मामी, यू आर रोमँटिसायझिंग. असेनही. त्यानं अजून सौंसरचा रोडगा खाल्लेला नाही.

व्याघ्र प्रकल्पांच्या आत तर आपल्या गाडीत निजण्याचा प्रश्नच येत नाही. सूर्य मावळायच्या आत फाटकं बंद होतात, आणि ते योग्यच आहे. आम्ही कडेच्या गावांतून राहतो. पेंचमध्ये सिल्लारीच्या अंगाला एकदा अवसेच्या सुमारास गेलो होतो. महाराष्ट्रातलं पेंच २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं; त्यासाठी सिल्लारी, वाघोडा, पिपरिया, खापा या गावांतल्या रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड खाली पडेल असे बसवले. घरमालकानं आम्हाला गाडीतला दिवा विझवायला लावला. "आमी आमचे दिवे खाली पाहाले लावले, तुमी वर काहून लावता?" मुद्दा बिनतोड होता. अंधारात बसल्यावर आधी काहीच दिसलं नाही. वीसेक मिनिटांनी डोळे सरावले आणि आकाशगंगेचा पट्टा उत्तर-दक्षिण असा स्पष्ट उमटला. ह्यांनी नक्षत्रं सांगायला सुरुवात केली, तर मालकाच्या आईनं ती सगळी दुसऱ्याच नावांनी सांगितली. सप्तर्षींत तिला खाट दिसत होती आणि खाटेचे पाय चोरायला निघालेले चोर. दोघांची जुगलबंदी रंगली, मी ऐकत राहिले. जाग होती ती फक्त दूरवरच्या हायवेची. नागपूर-सिवनी हा ४४ क्रमांकाचा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. त्यावर जनावरांसाठी रस्ताच उचलून खालून वाटा काढल्या आहेत, त्यांतली एक तर ७५० मीटर लांब. वर ट्रक, खाली वाघ. वाघानं कोणाची परवानगी मागायची नाही, एवढी तरी सोय झाली.

मारुती चितमपल्ली अनेक वर्षं आमच्या नागपुरात राहिले. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. वनाधिकारी असून जंगल त्यांनी जंगलातल्या माणसांना विचारून लिहिलं. पक्ष्याचं नाव गोंडाला विचारायचं, झाडाचं नाव कोरकूला. त्यांची पुस्तकं गाडीत असतात, फळीखालच्या पेटीत, हरभऱ्याच्या डाळीच्या डब्याशेजारी.

तामियाच्या कड्यावर उभं राहिलं की पाताळकोट खाली दिसतं, चहूबाजूंनी डोंगरांनी धरलेलं. भारिया आणि गोंड लोकांची गावं आहेत तिथं. आता खाली रस्ता गेला आहे, तरी आम्ही गाडी वर ठेवून उतरलो. एका घरासमोर पाणी मागितलं. बाई माझ्याच वयाची असेल. तिनं हिंदीत विचारलं, कुठं उतरलात? वर, गाडीत, असं सांगितल्यावर ती विचारात पडली. घर नाही का? आहे. मग गाडीत का झोपता? डोंगर पाहायला. हे उत्तर देताना मलाच ते पोकळ वाटलं, कारण ती ज्या ओसरीत बसली होती तिच्यासमोर तो डोंगर आयुष्यभर उभा होता. तिनं पुढे विचारलं नाही. ओसरीचा एक कोपरा झाडून घेतला, चटई टाकली आणि म्हणाली, आज इथं झोपा, गाडीला झोपू द्या वर. आम्ही झोपलो नाही. ह्यांना गाडीची काळजी. परत चढताना मी ह्यांच्याशी बोलले नाही आणि तेही बोलले नाहीत. यावेळी ते भांडण नव्हतं.

तामियाहून मटकुलीमार्गे पचमढी. पचमढीचं जंगल गंमतीचं आहे: भोवती सगळा सागाचा मुलूख, आणि पठारावर मध्येच सालवृक्षांचं राज्य. दगड वालुकाश्माचा, गोंडवनाच्या खडकांतला. कड्यांच्या घड्यांतून पाणी झिरपत राहतं, तिथं नेचे उगवतात, शेकरू फांदीवरून फांदीवर उडी घेतं. धूपगड १३५० मीटर, सातपुड्यातलं सर्वांत उंच टोक. सूर्यास्ताला जिपांची रांग लागते, सूर्य बुडाला की टाळ्या वाजतात. मला टाळ्यांचा राग येत नाही. माणसं आनंदली की काहीतरी करणारच. चौरागडावर मात्र टाळ्या नाहीत, तिथं लोखंड आहे. वर्षानुवर्षं नवसाचे वाहिलेले त्रिशूळ, बोटभर ते पुरुषभर, गंजलेले, शेंदूर माखलेले, हजारोंनी. त्यांतला प्रत्येक खांद्यावरून वर आला. आम्ही चढलो तेव्हा आमच्या हातात पाण्याची बाटली होती. खाली उतरणाऱ्या एका पोह्यातल्या म्हाताऱ्यानं ह्यांचे रिकामे हात पाहून विचारलं, "काहीच नाही आनलं?" खोचकपणा नव्हता त्यात, एखादी वस्तू विसरली का, अशी चौकशी होती.

तो पोहा उमरेडकडचा. पायथ्याशी आमच्या गाडीजवळच त्यांचा टेम्पो उभा होता, म्हणून चहा झाला, नंबर दिले-घेतले. नागद्वारीचा विषय निघाला. धूपगडाखालच्या दऱ्यांतून जाणारी ती वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पात पडते, म्हणून एरवी बंद. नागपंचमीच्या आसपास दहाएक दिवस उघडते. भर श्रावणातला पाऊस, निसरडे दगड, लोखंडी शिड्या, गुहांमधून वाकून जायचं. गर्दी बहुतेक विदर्भातली. नागपूरकडची मंडळं वाटेत मांडव घालून येईल त्याला जेवू घालतात. गाडी तिथं कामाची नाही. पाय कामाचे.

ह्यांनी गुडघ्यांचं कारण काढलं. मी काढलं नाही. यंदा पोह्याच्या म्होरक्याला फोन केला, दोघांना घ्याल का म्हणून. त्यांनी वय विचारलं नाही, प्रकृती विचारली नाही. विचारलं ते एवढंच:

"मांडवात भात करता येईन का तुमाले? किती मानसाचा करता?"

मी खरं ते सांगितलं, आमच्या गाडीतल्या पातेल्यात दोन वाट्या तांदूळ मावतात.

"पातेलं आमचं हाय," ते म्हणाले. "तुमी या. आन् त्या काकाजीले सांगा, ते बॅटरी आना. पोट्टे मोबाइल चार्ज कराले रडतात."